स्पर्धेपुरतं नाटक नको, बारमाही तालीम हवी

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषय नाटकाचा दिसत असला तरी खरा विषय आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

राज्य नाट्यस्पर्धेच्या तारखा जवळ आल्या की आपल्याकडे दरवर्षी काय होतं ते आठवा. चार-पाच हौशी मंडळी चहाच्या टपरीवर जमतात. संहितेची शोधाशोध सुरू होते. अटी ठरलेल्या : पात्रं कमी, सेट एकच, आणि बाईची भूमिका शक्यतो एकच, कारण दुसरी मिळणार नाही. मग नांदेड नाहीतर परभणीच्या कुणा दिग्दर्शकाला फोन. तो भला माणूस स्वतःची नोकरी सांभाळून एसटीने येतो-जातो. पंधरा-वीस दिवस रात्री नऊ ते बारा तालमी. एक दिवस नायक गैरहजर, घरी लग्न आहे. दुसऱ्या दिवशी खलनायक गैरहजर, शेतात मळणी चालू आहे. पाठांतर प्रयोगाच्या आदल्या रात्री कसंबसं पुरं होतं. दिवे म्हणजे काय ते केंद्रावर गेल्यावरच पहिल्यांदा दिसतं. प्रयोग होतो. नशीब चांगलं असेल तर अभिनयाचं एखादं प्रमाणपत्र मिळतं. पेपरात फोटो येतो. आणि दुसऱ्या दिवशी गट संपतो.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच टपरी, तोच फोन, पण पोरं नवी. जुनी कुठं गेली? एक पुण्यात डिलिव्हरी करतोय, एक भरतीचा अभ्यास करतोय, एकीचं लग्न झालं.

वीस वर्षं झाली, मी या स्पर्धांच्या, युवक महोत्सवांच्या, गणपतीतल्या एकांकिकांच्या बातम्या लावतोय. दरवर्षी भाषणात एक वाक्य ठरलेलं : "ग्रामीण भागातल्या मुलांत प्रचंड गुणवत्ता आहे." आहेच हो. पण त्या गुणवत्तेचं पुढे आपण काय करतो, हे कुणी विचारत नाही. टाळ्या वाजतात, नारळ-शाल होते, आणि गुणवत्ता तिकीट काढून निघून जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. हिंगोली जिल्ह्यात नटांची टंचाई नाही, प्रेक्षकांची नाही, आणि खरं सांगायचं तर पैशांचीही वाटते तेवढी नाही. टंचाई आहे ती एकत्र राहून वर्षानुवर्षं शिकणाऱ्या गटाची. बारा-पंधरा माणसं, तीच माणसं, तीच जागा, रोज संध्याकाळी दोन तास, स्पर्धा असो की नसो, निदान तीन वर्षं. अशी बारमाही तालीम जिल्ह्यात कुठं चालू असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका. मी उद्याच येऊन बातमी करतो, पहिल्या पानावर मागतो.

वसमत-कळमनुरीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते. तिसऱ्या महिन्यात उकरून बघितली तर हाताला मुळ्या लागतील. सोयाबीनचं वेगळं, शंभर दिवसांत घरात. आपण नट सोयाबीनसारखा काढायला बघतो, आणि उतारा कमी आला की बियाण्याला दोष देतो.

"तालीम" हा शब्दच घ्या. पैलवानाची पण तालीम आणि नाटकवाल्याची पण तालीम. मूळ अर्थ शिक्षण. पैलवानाला कुणी म्हणत नाही की जत्रा वीस दिवसांवर आली, चल आता तालमीत ये. तो वर्षभर लाल मातीत असतो. पहाटे उठतो, बैठका मारतो, जोडीदाराच्या अंगाचा अंदाज त्याच्या हाडांत बसलेला असतो. कुस्ती मैदानात पाच मिनिटांची असते, पण त्या पाच मिनिटांमागं पाच वर्षं असतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नाटकाच्या बाबतीत मात्र आपण तालीम म्हणजे फक्त संवाद पाठ करून घेणं एवढंच धरून चाललोय.

आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांना हे माहीत होतं. १८८० साली 'संगीत शाकुंतल' घेऊन उभी राहिलेली किर्लोस्कर मंडळी असो, नाहीतर पुढची गंधर्व नाटक मंडळी असो, मंडळी म्हणजे फिरतं बिऱ्हाडच होतं. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, आणि एकत्र तालीम घ्यायची. गोविंद बल्लाळ देवल म्हटलं की आपल्याला 'संगीत शारदा' लिहिणारे देवल आठवतात. पण ते तालीम मास्तर म्हणूनही तेवढेच मोठे होते. तरुण बालगंधर्वांकडून त्यांनी भूमिका घटवून घेतल्या. त्या व्यवस्थेत सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. लहान पोरं शाळा सोडून कंपनीत जात, बायकांना रंगमंचावर जागा नव्हती, आणि मालक कर्जात बुडाला की अख्खी मंडळी रस्त्यावर येई. ते परत आणा असं कुणी म्हणत नाही. पण नट हा गटात आणि वेळ देऊन घडतो, ही त्यातली गोष्ट आपण टाकून दिली. ती टाकायला नको होती.

जुनं नको असेल तर अलीकडचं सांगतो. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ चा. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. त्यातली ती ब्राह्मणांची रांग आठवा. तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच गाते, नाचते, आणि क्षणात फुटून पुण्यातला रस्ता होते. रांगेतल्या कुणा एकाची एक मात्रा चुकली की भिंतीला भगदाड पडतं. हे वीस दिवसांत जमत नाही. आणि त्यांची मातृसंस्था नाटकाचे प्रयोग थांबवायला निघाली तेव्हा या पोरांनी काय केलं? घरी गेली नाहीत. बाहेर पडून १९७३ साली थिएटर अॅकॅडमी काढली, एकत्र राहिली आणि नाटक चालू ठेवलं. १९८० साली तेच नाटक युरोपात जाऊन आलं.

आता कुणी म्हणेल, ते पुण्याचे, त्यांना काय काम होतं. तर ऐका. जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर होते, दौंडला दवाखाना चालवायचे. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्याच गटातले सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करायचे. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. "आम्हाला पोटापाण्याचं बघावं लागतं" हे कारण खरं आहे, पण ते एकत्र न येण्याचं कारण होऊ शकत नाही. पोटापाण्याचं त्यांनाही होतं.

आणखी जवळचं उदाहरण हवं? अतुल पेठे यांनी २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' केलं. महात्मा फुल्यांवरचं नाटक. नट कोण? पुणे महापालिकेचे सफाई कामगार. ड्युटी करून तालमीला यायचे. ज्यांनी आयुष्यात रंगमंच झाडला असेल पण त्यावर उभे राहिले नसतील, अशा माणसांनी ते नाटक ठिकठिकाणी नेलं. त्यांना कुणी "तुमच्यात नैसर्गिक टॅलेंट आहे" असं सांगून सोडून दिलं नाही. त्यांच्यासोबत बसून, वाचून, चर्चा करून, पुन्हापुन्हा उभं करून ते झालं.

मग येतो नेहमीचा मुद्दा : "आपण लहान गावातले." हा मुद्दा तर मला उलटाच वाटतो. जगात जिथं जिथं गटाचं दीर्घ प्रशिक्षण टिकलं, त्यातल्या किती जागा लहान आहेत बघा.

शेजारच्या कर्नाटकात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. शिवमोगा जिल्हा, सागर तालुका, सुपारीच्या बागांचा पट्टा. तिथं १९४९ साली नीनासम ही संस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा हा माणूस स्वतः सुपारीचा बागायतदार. १९८० साली त्यांनी त्या खेड्यात नाट्यप्रशिक्षणाची शाळा काढली. १९८५ साली 'तिरुगाट' नावाची फिरती मंडळी सुरू केली. दरवर्षी नटांचा संच नवी नाटकं बसवतो आणि ती घेऊन कर्नाटकभर फिरतो. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या गावात हे होऊ शकतं, तर हळदीच्या गावात का होऊ नये? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणखी लांबचं एक. डेन्मार्कमध्ये होल्स्टेब्रो नावाचं गाव आहे. युजेनिओ बार्बा नावाच्या इटालियन माणसाने १९६४ साली नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात ओडिन थिएटर नावाचा गट काढला. कुणाला घेऊन? सरकारी नाट्यशाळेने प्रवेश नाकारलेल्या पोरांना घेऊन. दोन वर्षांनी होल्स्टेब्रोच्या नगरपालिकेने त्यांना बोलावलं आणि गावाबाहेरची जुनी शेतघराची जागा दिली. ते गाव तेव्हा आजच्या हिंगोलीपेक्षा कितीतरी लहान होतं. त्या नापास पोरांनी तिथं वर्षानुवर्षं रोज शरीराची, आवाजाची तालीम केली आणि जगभरातले नाटकवाले शिकायला त्या आडगावात येऊ लागले. नगरपालिका हा शब्द पुन्हा वाचा. राज्य सरकार नाही, केंद्र नाही. नगरपालिका.

आणि आपल्याला गट म्हणून शिकणं नवीन आहे का? अजिबात नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी सेनगाव, नर्सी, औंढा, जवळा बाजार या वाटेने जाते. आपण सगळे रस्त्यावर उभे राहून बघतो. शेकडो वारकरी, पण टाळ एक वाजतो, पाऊल एक पडतं. संत नामदेवांच्या नर्सीच्या आसपासच्या कुठल्याही गावातलं भजनी मंडळ घ्या. गाणारा सूर उचलतो, पखवाजवाला त्याच्या श्वासावरून ओळखतो की हा आता कुठं थांबणार. त्यांनी प्रमाणपत्राची कार्यशाळा केलेली नसते. तीस वर्षं दर एकादशीला एकत्र बसलेले असतात, एवढंच. आंध समाजाची दंडार बघा, तांड्यावरची लेंगी बघा. हे सगळं एकमेकांकडे लक्ष ठेवून, एकमेकांचं ऐकून उभं राहिलेलं आहे. नाटकाला दुसरं काय लागतं? आपल्या अंगणात असलेली ही विद्या आपण नाटकाच्या खोलीत आणत नाही, आणि मग पुण्या-मुंबईहून तीन दिवसांसाठी "तज्ज्ञ" बोलावतो.

त्या कार्यशाळांवर थोडं बोलू. तीन दिवसांची निवासी कार्यशाळा. बॅनरवर मालिकेतल्या नटाचा फोटो मोठा, आयोजकाचा त्याहून मोठा. पहिला दिवस उद्घाटनात जातो, तिसरा समारोपात. मधल्या एका दिवसात अभिनय, आवाज, देहबोली, कॅमेरा आणि व्यक्तिमत्त्व विकास. शेवटी सेल्फी आणि प्रमाणपत्र. सगळ्याच कार्यशाळा वाईट असतात असं नाही. चांगला शिक्षक तीन दिवसांतही डोळे उघडतो. पण डोळे उघडल्यावर चालायला रस्ता हवा ना? चौथ्या दिवशी ते पोरगं कुठं जाईल? काही ठिकाणी तर "थेट मालिकेत संधी" म्हणून पैसे घेतले जातात. गरिबाच्या घरातून पैसे येतात हो, सोयाबीन विकून आलेले. संधी येत नाही. अशा पालकांचे फोन आम्हा पत्रकारांना येतात, आणि लेखी तक्रार द्यायला मात्र लाजेने कुणी तयार होत नाही. शिकायची जागाच नसली की शिकवण्याचं दुकान असंच चालतं.

मी स्पर्धेच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. राज्य नाट्यस्पर्धा साठ वर्षांहून जास्त काळ चालू आहे, आणि लहान गावातल्या माणसाला प्रकाशात आणणारा तिच्याएवढा मोठा दुसरा मंच महाराष्ट्रात नाही. पण स्पर्धा म्हणजे परीक्षा. वर्षभर शाळाच भरली नाही तर परीक्षा कशाची घेता? २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांना करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. मोठा गदारोळ झाला. परीक्षक बरोबर की चूक यावर सगळे भांडले. मला तेव्हा वेगळाच प्रश्न पडला होता : त्या मुलांना स्पर्धेबाहेर एकत्र शिकायला वर्षात किती दिवस मिळतात? पुण्यातल्या कॉलेजांची ही गत असेल तर नांदेडच्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आठवडाभर आधी जमणाऱ्या आपल्या कॉलेजांचं काय सांगायचं?

आता नेहमीच्या चार हरकती घेतो.

पहिली : "आधी नाट्यगृह पाहिजे." पाहिजे, नाही कोण म्हणतं. पण भिंती बांधून नाटक उभं राहत नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होतं, तिथं नाट्यशास्त्र विभाग असलेलं विद्यापीठ असून ही गत. आपल्याकडे गट नसताना नाट्यगृह झालं तर त्यात लग्नं होतील, पक्षाचे मेळावे होतील आणि वर्षातून एकदा नाटक होईल. तालमीला मखमली पडदा लागत नाही. शाळेची एक खोली, सारवलेली किंवा फरशीची जमीन, पंखा आणि लाइट. बस्स.

दुसरी : "मुली येत नाहीत." येतील कशा? तालीम रात्री नऊ ते बारा ठेवता, अनोळखी माणसांत ठेवता, वीस दिवसांत सगळं उरकता. कोणता बाप पाठवेल? तालीम संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ठेवा. जागा कायमची आणि वस्तीतली ठेवा. आईबापांनी कधीही येऊन मागं बसावं. शिकवणाऱ्यांत एक बाई असावी. सहा महिने रोज तीच माणसं, तीच जागा दिसली की घरच्यांचा विश्वास बसतो. मुलगी नाटकात येत नाही हा तिचा दोष नाही, आपल्या वेळापत्रकाचा आहे. "एकच बाई असलेली संहिता" शोधणं बंद करायचं असेल तर रस्ता हाच.

तिसरी : "शिकवा कितीही, शेवटी पुण्या-मुंबईलाच जाणार." जाऊ द्या की. औरंगाबादची 'जिगीषा' मुंबईला गेली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांची मंडळी. पण गट म्हणून घडून गेली, म्हणून तिथं टिकली. एकटं, कच्चं, ऑडिशनच्या रांगेत उभं राहायला जाणारं पोरगं आणि तीन वर्षं घडून जाणारं पोरगं यात फरक आहे. आणि सगळे जात नाहीत. पंधरातले पाच राहिले तरी पुढच्या पंधरांना शिकवणारे पाच जण तयार झाले. आज आपल्याकडे शिकवणारा एकेक माणूस बाहेरून आणावा लागतो, कारण मागच्या वीस वर्षांत आपण कुणाला तेवढं शिकूच दिलं नाही.

चौथी : "पैसा कुठून आणायचा?" हा खरा प्रश्न आहे, म्हणून याचं उत्तर आकड्यात देतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे. आधी तिला रिपर्टरी ग्रँट म्हणायचे. नियमित प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांसाठीच ती आहे. गुरूला महिना १५ हजार, शिष्यांना वयानुसार महिना २ ते १० हजार. नाटकाच्या गटात एक गुरू आणि जास्तीत जास्त १८ शिष्य. आपण बाराच शिष्य धरले आणि सगळ्यांना १० हजार मिळाले तर महिन्याला १ लाख ३५ हजार, वर्षाला १६ लाख २० हजार रुपये होतात. हा पैसा उद्या सकाळी मिळणार नाही. त्याला नोंदणीकृत संस्था लागते, हिशेब लागतो, केलेल्या कामाचा पुरावा लागतो. दरवर्षी मोडणाऱ्या गटाकडे यातलं काय असतं? एक स्मृतिचिन्ह. आधी गट टिकला पाहिजे, मग कागद तयार होतात, मग पैसा. आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च आपल्याच गावात निघतो. उत्सवात एका रात्रीसाठी येणाऱ्या सेलिब्रिटीचं मानधन किती असतं ते आयोजकांनाच विचारा, मी आकडा लिहीत नाही. तेवढ्यात एका शिक्षकाचं वर्ष निघेल.

पाचवी एक हरकत कुणी बोलून दाखवत नाही, ती मीच मांडतो. लांब चालणाऱ्या गटात गुरुगिरी माजते. एक माणूस सर्वेसर्वा होतो, पोरांना राबवतो, प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढतो. मुलींच्या बाबतीत तर त्याहून वाईट घडू शकतं. ही भीती खरी आहे. त्यावर उपाय दार उघडं ठेवण्याचा. एकाहून जास्त शिक्षक, पालकांची समिती, दर तीन महिन्यांनी हिशेब गावासमोर, आणि तक्रार करायला गटाबाहेरची एक बाई. तालमीत वस्ताद असावा, पण तालीम वस्तादाच्या मालकीची नसावी.

मग नेमकं करायचं काय? माझा कच्चा आराखडा देतो, तुम्ही दुरुस्त करा.

१) नगर परिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली, संध्याकाळी दोन तास, तीन वर्षांच्या लेखी करारावर. शाळा त्या वेळी बंदच असते.

२) पंधरा जण. निदान सात मुली. निवड तोंडावळा बघून नाही, उच्चार "शुद्ध" आहेत की नाही बघून तर मुळीच नाही. अट एकच, हजेरी.

३) शिक्षक नांदेडच्या विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलातून, संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेल्या पोरांतून घ्या. त्यांनाही काम हवंय. त्यांच्या जोडीला गावातला पखवाजवाला, तालमीतला वस्ताद आणि दंडार जाणणारा एखादा म्हातारा. या तिघांना "पाहुणे" म्हणून नारळ देऊन परत पाठवायचं नाही, मानधन देऊन शिकवायला लावायचं.

४) पहिल्या वर्षी स्पर्धा नाही. एकही नाही. अर्धा तास अंग, अर्धा तास आवाज आणि श्वास, अर्धा तास एकमेकांचं ऐकण्याचा सराव, अर्धा तास वाचन. आठवड्यातून एक दिवस एकमेकांचं काम बघून बोलायचं, दुखावल्याशिवाय आणि खोटं कौतुक न करता. प्रत्येकाने शिवण, सुतारकाम, दिवे, हिशेब यातलं एक काम शिकायचं. आज नायक असलेला उद्या सतरंज्या घालेल.

५) दुसऱ्या वर्षी एक नाटक. ते हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत या पाचही तालुक्यांत, शाळेच्या पटांगणात, आश्रमशाळेत, पारावर. तेच नाटक निदान वीस वेळा. एकदाच केलेल्या प्रयोगात नटाला काय चुकलं तेसुद्धा कळत नाही. विसाव्या प्रयोगाला त्याला प्रेक्षक ऐकू यायला लागतो.

६) तिसऱ्या वर्षी खुशाल स्पर्धेला जा. आणि निम्म्या लोकांनी नवीन पंधरांना शिकवायला घ्या.

शेवटी खरी गोष्ट, जिच्यासाठी ही एवढी लांब पोस्ट लिहिली. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात काय झालंय ते तुम्ही मी दोघंही बघतोय. आरक्षणाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या मोठाल्या सभा २०२३ मध्ये इथंच झाल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. पण त्यानंतर गावागावात आडनाव बघून टपरी ठरायला लागली. एका बाकावर बसलेली पोरं एकमेकांचे स्टेटस बघून बोलायची बंद झाली. आता मला सांगा, वेगवेगळ्या घरांतली पंधरा पोरं-पोरी रोज दोन तास एका खोलीत एकत्र श्वास घेतात, एकत्र पाऊल टाकतात, अशी दुसरी कोणती जागा आपल्याकडे उरली आहे? तालमीत एक साधा सराव असतो. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्या पाच जणांनी झेलायचं. पडणारा झेलणाऱ्याचं आडनाव विचारत नाही. हे एका दिवसाच्या सद्भावना रॅलीत होत नाही. पहिल्या महिन्यात पोरं हसतात, दुसऱ्यात घाबरतात, कुठं सहाव्या महिन्यात अंग सैल सोडतात. विश्वासाला वेळ लागतो, म्हणूनच मी तीन वर्षं म्हणतोय.

२०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ११ लाख ७७ हजारांचा होता. जिल्हा होऊनही १ मे १९९९ पासून किती वर्षं झाली मोजा. ज्या गावच्या सगळ्यात मोठ्या मैदानाचं नाव रामलीला मैदान आहे, ज्या गावच्या दसऱ्याला दीडशे वर्षांहून जास्त झाली, त्या गावाला पंधरा नटांचा एक गट तीन वर्षं सांभाळता येत नाही, हे मला पटत नाही.

नगर परिषदेला उभं राहणाऱ्या, राहिलेल्या आणि निवडून आलेल्या सगळ्यांना टॅग करतोय. एक खोली देता का, एवढंच हो किंवा नाही लिहा. "बघू", "चर्चा करू", "पाठपुरावा करू" ही उत्तरं धरली जाणार नाहीत. जिल्हा नियोजन समितीतल्या मान्यवरांनीही उत्तर द्यावं.

ज्यांना शिकायला यायचंय त्यांनी कमेंटमध्ये फक्त "मी येतो" किंवा "मी येते" लिहा. फोन नंबर टाकू नका. ज्यांना शिकवता येतं त्यांनी इनबॉक्समध्ये या. ज्यांना हे सगळं खुळचट वाटतंय त्यांनी कारणासह लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देईन.

पंधरा "मी येतो-येते" झाले की खोली मागायला आपण सगळे मिळून जाऊ. यादी मी ठेवतोय.